हंगामी व्याज

बँकेचा ताळेबंद हातात पडला की लोक आधी नफा बघतात. मी नफा शेवटी बघते. नफा म्हणजे बँकेचं स्वतःबद्दलचं मत, आणि स्वतःबद्दल वाईट मत कुणाचं असतं? मी आधी कर्जांकडे वळते. कुणाला दिली, कशाच्या तारणावर दिली, किती थकली, आणि थकलेल्यांसाठी बँकेने किती रक्कम बाजूला काढून ठेवली. एका लहानशा शेअर दलाली कंपनीत मी हेच काम करते. छोट्या बँका वाचायच्या आणि शेवटी 'घ्या', 'ठेवा' किंवा 'विका' यांपैकी एक शब्द लिहून खाली सही करायची. आमच्या यादीतले लोक त्या एका शब्दावर पैसे लावतात.

घरात मला ऑडिटर म्हणतात. हे नाव दादाने ठेवलं. लहानपणी खाऊची वाटणी झाली की मी दोन्ही वाट्या शेजारी शेजारी ठेवून बघायचे, तेव्हापासूनचं. दादाची वाटी जास्त भरलेली असायची, हेही सांगून टाकते. आई म्हणायची, अगं, तो मोठा आहे. पुढे तो वयाने, पगाराने आणि पोटाने मोठा होत गेला, एका छोट्या बँकेत कर्ज विभागाचा प्रमुख झाला, ऐसपैस घर घेतलं. आई मात्र माझ्याकडे राहते, दोन खोल्यांत. का, ते विचारू नका. तिचा आणि वहिनीचा चहासुद्धा एका वेळी होत नाही.

तरी दादावर माझा जीव होता. बाबा गेल्यावर माझ्या कॉलेजची फी त्याने भरली. ताळेबंदही मला त्यानेच शिकवला, रविवारी जमिनीवर कागद पसरून, एकेका ओळीवर बोट ठेवून. मी आज जे काही आहे त्यात त्याचा हात आहे, असं मी चारचौघांत सांगायचे. आता सांगत नाही.

गेल्या वर्षी एकदा जेवताना तो म्हणाला, "ऑडिटर, जगाच्या बँका वाचतेस. आमची कधी वाचणार?"

"घरच्या माणसाची बँक आमच्याकडे चालत नाही."

"का? घरचा माणूस चोर असतो?"

सगळे हसले. मीही हसले.

पण डोक्यात विषय राहिला, कारण त्या बँकेचा शेअर खरोखरच मातीमोल भावात पडून होता. ऑफिसात साहेबांना विचारलं. त्यांना आम्ही पाठीमागे आजोबा म्हणतो, कारण त्यांनी पाहिलेल्या मंदीच्या गोष्टी आम्हाला पाठ आहेत. ते म्हणाले, "भाऊ तिथे आहे हे पहिल्याच पानावर ठळक लिही. आणि शंका आली तर बँकेला लेखी विचार, उत्तर लेखी घे. भावाला विचारायचं नाही." हा आमच्याकडचा जुना दंडक. तोंडी उत्तर म्हणजे उत्तर नव्हे.

मी बँक वाचायला घेतली आणि मन लावून वाचली. ठेवी लहान माणसांच्या होत्या, पाव टक्क्यासाठी बँक न बदलणाऱ्या. दोन शाखांमध्ये जाऊन मी मुद्दाम रांगेत उभी राहिले. एका खिडकीतली बाई ग्राहकांना नावाने हाक मारत होती आणि एका म्हाताऱ्याची स्लिप स्वतः भरून देत होती. असल्या शाखेतून ठेवी पळून जात नाहीत. थकीत कर्ज शंभरात दोन-अडीच, त्यासाठी तरतूद पुरेशी, भांडवल नियमापेक्षा जास्त. आणि भाव? बँक आज बंद केली, सगळी कर्जं वसूल केली, सगळ्यांच्या ठेवी परत दिल्या, तर एका शेअरमागे जे उरेल त्याच्या जेमतेम साठ टक्क्यांत शेअर मिळत होता. शंभराची नोट कुणी साठला विकायला काढावी तसं. फक्त घेणारं कुणी नव्हतं. कधी कधी दिवस उलटायचा आणि एकही सौदा व्हायचा नाही.

एकच आकडा डोळ्यांत खुपला. बँकेने मिळकतीत धरलेल्या व्याजातलं बरंचसं अजून तिच्या हातात आलेलंच नव्हतं. 'येणे व्याज' या ओळीत ते साचत चाललं होतं, आणि कर्जं वाढत होती त्याहून भराभर. कर्जदार वेळेवर व्याज भरत असेल तर ते असं साचत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी बँकेला पत्र लिहायला बसले. तेवढ्यात दादा आईला डॉक्टरकडून घेऊन आला. जेवायची वेळ होती, मी पानं घेतली, आणि वाढता वाढता विचारून टाकलं.

"तुमच्याकडे येणे व्याज एवढं का साचलंय रे?"

तो आधी पाणी प्यायला.

"शीतगृहं आहेत ना. आमची मोठी कर्जं तीच. लोक माल ठेवतात, माल विकला की भाडं देतात, मग शीतगृहवाला आमचं व्याज भरतो. हंगामी व्याज आहे ते. हंगाम आला की येतं."

उत्तर पटण्यासारखं होतं. शीतगृहांचं असंच असतं, हे मलाही ठाऊक होतं. आणि सांगणारा दादा होता, ज्याने मला ती ओळ वाचायला शिकवली. पत्र पुरं झालंच नाही. रिपोर्टमध्ये मी एक वाक्य घातलं, व्याजाची वसुली हंगामी स्वरूपाची आहे, आणि शेवटी शब्द लिहिला: घ्या.

भाव चढू लागला. साठाचा पासष्ट, मग सत्तर, मग त्याच्याही वर. एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा ऑफिसात फोन आला. म्हणाली, "तुम्ही घ्या म्हणालात म्हणून घेतले हो. मुलीच्या शिक्षणाचे आहेत." मी म्हटलं, धीर धरा, बँक चांगली आहे. बरं वाटलं होतं मला.

आणि मग एका संध्याकाळी आईने सौद्याची पावती माझ्यापुढे धरली. "मीपण घेतले."

"कशातून?"

"म्हातारपणाच्या ठेवीतून."

बाबांच्या मागे आलेली रक्कम होती ती. तिला आम्ही कधी हात लावला नव्हता. उद्या आई अंथरुणाला खिळली तर तिच्याजवळ बसायला बाई ठेवता यावी, औषधपाणी व्हावं, यासाठी ती होती. 

"सगळे घातलेस?"

"जवळजवळ. तू लिहिलंयस ना? मग मला कसली भीती?"

मी रागवायला हवं होतं. सगळे पैसे एका शेअरमध्ये घालू नका, हे मी परक्यांना रोज बजावते. पण त्या वाक्यापुढे मी रागवलेच नाही. शाळेत पहिली आले तेव्हासुद्धा आई असं काही बोलली नव्हती. गणितातले दोन मार्क कुठे गेले एवढंच विचारलं होतं. चाळिशी ओलांडल्यावर आईने पहिल्यांदा माझ्या कामावर विश्वास दाखवला होता. मी आत जाऊन उगाच ओटा पुसत उभी राहिले, डोळे कोरडे होईपर्यंत.

सहामाही आकडे आले तेव्हा हंगाम येऊन गेलेला होता. येणे व्याज घटायला हवं होतं. ते वाढलं होतं.

त्या दिवशी मी कुणाला काही विचारलं नाही. रजा टाकली, बस पकडली आणि शहराबाहेरच्या सगळ्यात मोठ्या शीतगृहावर गेले. मालमत्ता बँकेकडे तारण असल्याची पाटी फाटकावर होती, तिच्यावर गंज चढला होता. शीतगृह कधी गप्प नसतं. आत यंत्रं अखंड घुमत असतात, भिंतीला तळवा लावला तरी कळतं. मी तळवा लावला. भिंत उन्हाने तापलेली, आणि आतून हूं की चूं नाही.

पहारेकरी खुर्चीवर बसून शेंगा फोडत होता. "बंद आहे बाई," तो म्हणाला. "दोन हंगाम गेले की."

"मालक कुठेत?"

"पत्ता नाही. बँकेचे साहेब तेवढे येतात अधूनमधून. कुलूप बघतात आणि जातात. मोठे हसतमुख. मला चहाला पैसे देतात."

साहेब कसे दिसतात ते मी विचारलं. त्याने हाताने पोटाचा आकार दाखवला.

बाकीचं, तारणांची नोंदणी होते त्या कार्यालयात बसून कळलं. त्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीला बँकेने नवं कर्ज दिलं होतं, आणि त्या पैशांतून जुन्या कर्जाचा एखादा हप्ता भरला जात होता, म्हणजे जुनं कर्ज थकीत म्हणून दाखवायला नको. बाकीचं व्याज नुसतंच कागदावर यायचं. अशी तीन शीतगृहं निघाली. ती तिन्ही बुडीत धरून मी हिशोब मांडला. शंभराची नोट तिसाचीच होती, आणि माझ्या सहीवर लोक ती पंच्याहत्तरला घेत होते.

मग मी शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरचं एक पान उघडलं. बँकेच्या अधिकाऱ्याने किंवा त्याच्या घरच्यांनी आपल्याच बँकेचे शेअर विकले तर कळवावं लागतं, ते तिथे लागतं. सहसा तिकडे कुणी फिरकत नाही. तिथे वहिनीचं नाव होतं. माझा रिपोर्ट बाहेर पडल्यापासून ती थोडे थोडे शेअर विकत होती. एके दिवशी मात्र एकदम मोठा गठ्ठा विकला होता. ती तारीख मी ओळखली. आईच्या पावतीवर तीच तारीख होती, आकडाही तोच, आणि त्या दिवशी त्या शेअरचा दुसरा सौदाच झाला नव्हता. सून विकत होती आणि सासू घेत होती.

मला राग आला, असं म्हणून भागणार नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. परक्याने फसवलं असतं तर मी त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते. इथे शिव्या घालायला तोंड उघडलं तर तोंडात 'दादा' हाच शब्द येत होता.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बँकेत गेले. काचेची केबिन, बाहेर कर्जवाल्यांची रांग. मला बघून तो उठला. "ये ऑडिटर. चहा सांगू?"

"शीतगृहावर जाऊन आले."

त्याने दार लावून घेतलं आणि सावकाश बसला. नाकारलं नाही, एवढं खरं.

"मी तुझ्याशी खोटं बोललो नाही," तो म्हणाला. "हंगाम आला की व्याज येतं, असं म्हणालो. शेवटचा हंगाम कधी आला होता, हे तू विचारलं नाहीस."

"दादा, मी तुला विचारत होते. बँकेला नाही."

"तेच तर. बँकेला लेखी विचारलं असतंस तर मला सांभाळून उत्तर द्यावं लागलं असतं. तू जेवता जेवता विचारलंस, मी जेवता जेवता सांगितलं."

हे तो मला समजावून सांगत होता. आवाज तोच, रविवारी बोट ठेवून शिकवणारा.

"तू मला वापरलंस."

"मला बाहेर पडायचं होतं गं. वरच्यांनी आम्हा सगळ्यांना बँकेचे शेअर घ्यायला लावले, मी घरावर कर्ज काढून तुझ्या वहिनीच्या नावावर घेतले. आणि बाजारात घेणारं कुत्रं नाही. तुझं नाव चालतं. तू लिहिलंस की चार लोक येतात." मग जरा थांबून म्हणाला, "विक्री मी नियमाप्रमाणे कळवलीये. लपवलं नाही काही."

"त्या मोठ्या गठ्ठ्याचं गिऱ्हाईक कोण होतं, माहितीये? आई."

 त्याने टेबलावरची पेन्सिल उचलली, परत ठेवली आणि तो काचेतून बाहेरच्या रांगेकडे बघत राहिला. मला वाटलं, याला लाज वाटली. निदान एवढं तरी शिल्लक आहे म्हणून मी तशीच जिना उतरले.

आजोबांना सगळं सांगितलं. कागद पुढे ठेवले. ते ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "नवा रिपोर्ट लिही. उद्या बाजार उघडायच्या आत गेला पाहिजे. तोंडी उत्तरावर विसंबलीस, तेही लिही."

"सर, तोपर्यंत आईचे..." 

"आज दुपार आहे तुझ्याकडे," ते म्हणाले. "रिपोर्टआधी घरच्यांचे शेअर विकायचे नाहीत हा नियम सांगत नाही मी, तो तुला येतो. एवढंच सांग, आईचे आज विकलेस तर घेईल कोण?"

माझ्या डोळ्यांपुढे ती शिवणकाम करणारी बाई आली. तिने किंवा तिच्यासारख्याच कुणीतरी घेतले असते, माझा जुना शब्द वाचून. आईला वाचवायचं तर मला दादा व्हावं लागलं असतं. मी आईचे शेअर विकले नाहीत. घरी जाताना बसमध्ये मी तिचं म्हातारपण पुन्हा पुन्हा मांडत होते, माझ्या पगारात बसतंय का ते बघत. बसत नव्हतं.

सकाळी रिपोर्ट तयार होता. शेवटचा शब्द 'विका'. पाठवायच्या आधी आईला सांगायला हवं होतं. बाहेरून कळलं असतं तर तिला धक्का बसला असता. ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. मी लॅपटॉप घेऊनच तिच्यासमोर टेकले.

"आई, दादाने आपल्याला फसवलं."

मी शीतगृहापासून सगळं सांगितलं. तिचे पैसे निम्म्याहून जास्त जातील, हेही सांगितलं. शेवटी सांगितलं की तिने घेतलेले शेअर दादाच्याच घरातून आले होते.  ती मात्र शेंगा सोलत होती, एकेक दाणा वाटीत पडत होता.

"माहितीये मला," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला नीट समजलं नाही. "काय माहितीये?"

"त्याचेच होते ते. त्याचं घर जात होतं. माझ्याकडे येऊन रडला. मी म्हटलं, मी घेते."

"बँक बुडीत आहे, हेही म्हणाला?"

"बरी नाही म्हणाला. मी खोलात गेले नाही."

"तू मला म्हणालीस, तू लिहिलंयस म्हणून घेतले. मला कसली भीती, म्हणालीस."

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "तसं म्हण, असं त्यानेच सांगितलं. नाहीतर तू चौकशी करत बसली असतीस."

 ओटा पुसत घालवलेली ती संध्याकाळ, ते वाक्य, सगळं दादाने लिहून दिलेलं होतं आणि आईने पाठ करून म्हटलं होतं. केबिनमध्ये तो बाहेर बघत राहिला तो लाजेने नव्हे. मला एवढंच कळलंय, की याहून जास्त कळलंय, याचा अंदाज घेत होता तो.

"तू माझा रिपोर्ट वाचलास तरी का?"

"त्या बारीक अक्षरातलं मला कुठे दिसतंय."

"आई, ते तुझ्या म्हातारपणाचे पैसे होते."

"माझेच होते ना? मग?" ती शांतपणे म्हणाली. "त्याच्या मागे दोन पोरं आहेत. त्याने कुठे जायचं? माझं काय, माझ्याकडे तू आहेस."

हे तिने प्रेमाने म्हटलं. मला ते जास्त लागलं. तिने स्वतःचं काही पणाला लावलंच नव्हतं. लावलं होतं ते मला, आणि मला न विचारता. माझं नाव दादाने विकलं आणि माझी पुढची वीस वर्षं आईने, दोघांनी मिळून, आणि दोघांनाही त्यात काही गैर वाटत नव्हतं. मी इतकी एकटी त्या घरात कधीच नव्हते, माझंच घर असून.

मी लॅपटॉप उघडला. तिला कळलं.

"आत्ता पाठवतेस?"

"हो."

"उद्या पाठव ना." तिने वाटी बाजूला ठेवली आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. "एक दिवसाने काय होतंय? त्याचे थोडे विकायचे राहिलेत अजून."

मी तिचा हात सोडवला. ओढून नाही, एकेक बोट बाजूला करून. मग रिपोर्ट पाठवला.

बाजार उघडला तेव्हा मी तिथेच बसले होते, आणि ती पुन्हा शेंगा सोलत होती. तिचा फोन वाजला. तिने पदराला हात पुसले आणि माझ्यासमोरच तो उचलला.

"हो रे. सांगितलं मी तिला, खूप सांगितलं. नाही ऐकलं तिने," आई म्हणाली. पलीकडून तो बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. तिने मान हलवत ऐकून घेतलं आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, "ते जाऊ दे आता. तू सकाळपासून काही खाल्लंस का?"